मदत हवी आहे: पोळ्याला बैल मारायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरकडची. पोळ्याला आमच्या गल्लीतली पोरं छोटं नाटक करतात. यंदा पंचतंत्रातला 'मित्रभेद' अहिराणीत बसवायचा घाट घातलाय.

वर्धमान व्यापारी जायबंदी संजीवक बैलाला यमुनेकाठच्या रानात सोडून जातो. बैल चरून माजतो, त्याच्या नुसत्या डुरकण्याने पिंगलक सिंह घाबरतो. दमनक कोल्हा दोघांची मैत्री जुळवतो आणि मग आपलीच किंमत उतरली म्हणून मोडतो. अडलंय ते पुढेच. दमनक आणि त्याचा जोडीदार कोल्हा करटक कुणी ऐरेगैरे नाहीत, मंत्र्याची पोरं आहेत, फक्त पद गेलेली. म्हणजे भांडण खालच्याचं वरच्याशी नाहीच, सिंहाशेजारच्या जागेचं आहे! ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' कादंबरीत (१९४५) डुकरं दूध-सफरचंदं लाटतात, तिथे उतरंड डोळ्यांदेखत बनते. इथे ती आधीचीच.

मग ती मुखवट्यांशिवाय दाखवायची कशी? बसण्याच्या जागेवरून? बोलीवरून? सिंहाला प्रमाण मराठी दिली तर गावातले मोठे चिडतील (थोडं हवंच आहे मला ते).

शेवटी बैल मरतो, दमनक मंत्री होतो. ऐन पोळ्याला हे पचेल का? कुणी असं काही बसवलं असेल तर सांगा, तालमी सुरू व्हायच्यात.