दिवाळी सरकली की आकडेही सरकतात

ऑक्टोबर २०२३ पेक्षा ऑक्टोबर २०२४ ला कापडविक्री जास्त, म्हणजे धंदा वाढला, हे तुम्ही महिनावार विक्रीच्या तक्त्यावरून मांडलेलं गणित पटलं नाही. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला. खरेदी अलीकडे आली, एवढंच. ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्ही महिने मिळून धरा, मग बोलू. किराण्याला हे फारसं लागू नाही. तेल-तांदूळ बारा महिने लागतंच.

आमचं सांगलीत टीव्ही-फ्रिजचं दुकान. सप्टेंबर २०२५ घ्या. ८ ते २१ पितृपंधरवडा, त्यात २२ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के होणार, हे सगळ्यांना ठाऊक. तासगावकडचे एक काका टेप लावून ४३ इंची टीव्ही मोजून गेले, "घटस्थापनेला नेतो" म्हणाले. फ्रिजवर आधीपासूनच १८ टक्के होता, तरी लोक त्यासाठीही थांबले! तीन आठवडे आम्ही माश्या मारल्या आणि शेवटच्या आठवड्यात डबा उघडायला फुरसत नव्हती. महिन्याची बेरीज मात्र साधारणच.

आणि कारखान्याकडून शेतकऱ्याला मिळणारं उसाचं बिल? नियमाने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत यायला हवं, पण येतं तेव्हा येतं. ते जमा झालं की गिऱ्हाईक दारात. हे तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार?