हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून तुम्ही काय करता?

"ठाण्यात कसली आलीये थंडी", असं नाशिकचे पाहुणे म्हणतात. त्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे घोडबंदर रोडवरून गायमुखकडे गाडी काढून बघावी. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, हवा गार आणि दमट. सिग्नलला थांबलं की दोन-तीन श्वासांत काच पांढरी. सिग्नल सुटतो, मागचा डंपर हॉर्न देतो आणि समोरचा खड्डा दिसत नसतो. या वैतागापायी कितीतरी जण काच सरळ वर करून चालवतात. कंटेनरच्या चाकाखालून उडालेली खडी डोळ्याला लागलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

स्वतः करून पाहिलेलं लिहा. रस्ता कोणता, वेळ कोणती, हेल्मेट कसलं, चष्मा आहे का, उपाय किती टिकला. ऐकीव नको.

सुरुवात माझ्यापासून. माझं फुल फेस हेल्मेट आहे. हनुवटीजवळची झडप मी थंडीभर उघडी ठेवतो आणि नाकावर येणारा रबरी नोज गार्ड कधीच काढत नाही. गाडी थांबली की काच एक खटका वर, वेग आला की खाली. बाटलीतले स्प्रे मी वापरले आहेत, पण माझं मत पक्कं आहे: श्वास काचेपर्यंत जाऊच द्यायचा नाही, हा पहिला उपाय. काचेला काय लावायचं ते त्यानंतर.

ऐरोलीचा रात्रपाळीवाला
महापे एमआयडीसीत रात्रपाळी असते, सुटतो सकाळी सातच्या सुमारास. ठाणे-बेलापूर रोडला तेव्हा ट्रकच ट्रक. मी भांडी घासायचं लिक्विड वापरतो. बोटावर एक थेंब घ्यायचा, काचेच्या आतून पातळ पसरवायचा, सुकू द्यायचा, मग मऊ सुती कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने पुसायची. पाण्याने धुवायची नाही, धुतली की सगळं गेलं. एकदा लावलं की साधारण चार-पाच दिवस जातात. थर मात्र जाड राहता कामा नये. जाड राहिला की समोरच्या गाडीचा हेडलाइट काचभर फाकतो, रात्री ते वाफेपेक्षा वाईट.

नेरूळ, भौतिकशास्त्र शिकवते
वरचा साबणाचा उपाय का चालतो ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. श्वासातून येणारी हवा साधारण ३५ अंशांची आणि वाफेने जवळजवळ भरलेली असते. ३५ अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३ ग्रॅम. गार काचेला टेकल्यावर जास्तीची वाफ जाणार कुठे? माठातलं गार पाणी पेल्यात घेतलं की पेल्याला बाहेरून जसे थेंब धरतात, तसंच हे. हे बारीक थेंब प्रकाश विखुरतात म्हणून काच पांढरी दिसते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब न बनता पाण्याचा सपाट पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. पाणी जमायचं काही थांबत नाही.

म्हणजे मार्ग तीनच: श्वास काचेपासून वळवा, आतली हवा खेळती ठेवा, नाहीतर काचेची आतली बाजू गार होऊ देऊ नका. साबण आणि स्प्रे यांतलं काहीच करत नाहीत, ते फक्त वेळ काढून देतात.

खारेगावची ताई
मी नर्स आहे, सकाळच्या ड्युटीला स्कूटरने कळव्याला जाते. चष्मा आहे. आमच्याकडे सगळ्या मुली नाकातोंडावरून स्कार्फ घट्ट बांधतात आणि त्यावर हेल्मेट घालतात. इथेच घोटाळा आहे. स्कार्फ खालून आवळलेला असतो, त्यामुळे श्वास नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर जातो, आधी चष्म्यावर, मग काचेवर.

ऑपरेशन थिएटरमध्ये चष्मेवाले मास्कच्या वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावतात, त्याने श्वास वर येत नाही. तीच रीत मी रस्त्यावर आणली. आत वरच्या कडेला तार असलेला साधा मास्क, नाकाच्या हाडावर तार नीट दाबलेली, त्यावर पट्टी. स्कार्फ फक्त गळ्याला आणि कानांना, तोही सैल. चष्मा रात्री साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन ठेवते. काचांना कोटिंग असेल तर चष्मेवाल्याला विचारल्याशिवाय भलतं काही चोळू नका. पट्टी काढताना सावकाश काढा, नाकाची कातडी नाजूक असते. मैत्रिणींनाही हे शिकवलंय आणि आता त्या काच खाली करून चालवतात, याचा मला फार आनंद आहे.

वर्तकनगर
आमच्याकडे बटाट्याची फोड चोळतात. चालतं.

धागाकर्ता
किती वेळ चालतं तेही लिहा ना.

वर्तकनगर
वर्तकनगर ते मुलुंड चेकनाका निभावतं. पुढे स्टार्चचे ओघळ दिसायला लागतात, उन्हात जास्तच.

हेल्मेटचं दुकान, ठाणे पश्चिम
गिऱ्हाइकांच्या काचा रोज बघतो, म्हणून कळकळीने सांगतो. व्हायझरला काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आहे. त्याला पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर लावू नका, आतून बारीक तडे जातात, धुरकटपणा येतो आणि तो परत जात नाही. टूथपेस्टही नको, तिच्यात घासणारी पूड असते. बऱ्याच चांगल्या व्हायझरला आतून कंपनीचं अँटी-फॉग, म्हणजे वाफ धरू न देणारं कोटिंग असतं. लोक सिग्नलला रुमालाने खसाखसा पुसतात आणि वर्षभरात ते घालवतात. मेलेले किडे बाहेरून चिकटले असतील तर ओलं कापड दहा मिनिटं काचेवर ठेवा, मग आपोआप सुटतात.

ओरखडे पडलेल्या काचेवर कुठलाच उपाय धड चालत नाही, व्हायझर बदला. तो हेल्मेटच्या मानाने स्वस्तात येतो. काळा व्हायझर पहाटे आणि रात्री लावू नका, त्यात वाफ धरली तर काहीच दिसणार नाही. आणि हेल्मेटवर आयएसआय खूण व आयएस ४१५१ हा क्रमांक बघूनच घ्या. जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट तसंच विकायला परवानगी आहे.

कोपरी ते एपीएमसी
माझा भाजीचा धंदा. रात्री तीनला निघतो, ऐरोलीवरून वाशी मार्केटला. मी ओपन फेस घालतो, खाली मोकळं असल्यामुळे वाफच धरत नाही.

खारेगावची ताई
दादा, वाफ धरत नाही हे खरं, पण हनुवटीही मोकळी राहते. जबडा मोडलेले पेशंट मी बघते. एवढ्या रात्री, रिकाम्या रस्त्यावर, फुल फेस घ्या आणि नोज गार्ड लावा. मनापासून सांगते.

कोपरी ते एपीएमसी
बरं ताई. दुकानवाल्यांकडे येतो या आठवड्यात.

माळशेजला जाणारा, खारघर
आमचा ग्रुप थंडीत पहाटे निघतो. कल्याण, मुरबाड, टोकावडे, मग माळशेज. मुरबाड सोडलं की हवा बदललेली अंगाला कळते, घाटात तर ढगातूनच चालवायचं. तिथे साबण टिकत नाही, स्प्रे टिकत नाही. मी पिनलॉक बसवला आणि माझ्यासाठी हा प्रश्न मिटला.

ही व्हायझरच्या आत बसणारी दुसरी पातळ काच. तिच्या कडेने सिलिकॉनची कड असते, ती मुख्य काचेला टेकते आणि मधे हवेचा थर अडकतो. बाहेरची काच कितीही गार झाली तरी आतली तेवढी गार होत नाही, शिवाय आतलं मटेरियल थोडी वाफ शोषून घेतं. नेरूळच्या बाईंनी सांगितलेला तिसरा मार्ग तो हाच. अट एकच, तुमच्या व्हायझरला त्यासाठीच्या दोन पिना हव्यात. घेण्याआधी बघा.

बसवल्यावर दोन काचांच्या मधे वाफ दिसली तर समजा कड नीट टेकलेली नाही. त्या पिना मधोमध नसतात, किंचित फिरवल्या की काच घट्ट बसते. हळूच फिरवा, जास्त आवळू नका. आतली काच मऊ असते, बोटाच्या नखानेही ओरखडा जातो. साफ करायला पाणी आणि ओलं मऊ कापड, बास. चिंब भिजून आलात तर घरी पोचल्यावर काच उघडी ठेवून सुकू द्या. रात्री समोरचे दिवे किंचित दुहेरी दिसतात, त्याची सवय होते.

एक गोष्ट मात्र पिनलॉकच्या हातात नाही. माळशेजला धुकं बाहेरूनही काचेवर बसतं. त्यासाठी डाव्या ग्लोव्हच्या तर्जनीला रबरी पट्टी असलेले ग्लोव्ह्ज मिळतात, एक हात फिरवला की काच साफ. आत आहे की बाहेर, हे आधी ओळखा. बोटाने बाहेरून पुसून फरक पडला नाही तर आत.

डिलिव्हरी, कासारवडवली
आमचं काम थांबत-थांबत चालायचं, त्यामुळे वारा मिळत नाही. मी श्वास सोडताना वरचा ओठ पुढे काढून हवा खाली, छातीकडे सोडतो. माजिवड्याच्या सिग्नलला हेच कामाला येतं. हेल्मेट रात्री डिकीत ठेवायचं नाही. आतलं कापड घामाने ओलं असतं, सकाळी घातलं की तोच ओलावा काचेवर. मी पंख्याखाली ठेवतो.

सानपाडा
माझ्या हेल्मेटला नोज गार्ड आलाच नाही, कंपनी वेगळा विकतही नाही. काही करता येतं का?

धागाकर्ता
येतं. गुडघ्याला घालायचा निओप्रीनचा जुना पट्टा असेल तर त्यातून नाकापुरती कमान कापा. आतल्या हनुवटीच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी वेल्क्रोने लावा, गोंद नको, थर्माकोल खराब होतो. वरची कड नाकाला टेकली पाहिजे, पण नाकपुड्या दाबता कामा नयेत. बसवून झालं की घरातच काच खाली करून मोठा श्वास सोडा. वाफ कुठल्या बाजूने वर येते ते लगेच दिसतं, तिथे पट्टी थोडी रुंद करा. जमलं की इथे लिहा, कुठल्या मापाची कमान बसली तेही.