निदानाचे नाव कामावर सांगावे का?

उद्यमनगरवाला

मी एका फाउंड्रीच्या हिशेब विभागात १६ वर्षे नोकरी करतो. मुलाच्या शाळेने सुचवल्यावरून त्याची तपासणी करायला गेलो, त्या वेळी डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे मी मुलाबद्दल नव्हे तर स्वतःबद्दल देत आहे हे माझ्या लक्षात आले. पुढे रीतसर तपासणी झाली आणि वयाच्या ४३ व्या वर्षी एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवणे आणि स्वतःला आवरणे जड जाणारी अवस्था, हे निदान हाती पडले. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते हे मला पाठ आहे, तरीही १९ तारखेची संध्याकाळ होईपर्यंत त्या कामाला हात लागत नाही आणि मग रात्रभर बसून ते बिनचूक पुरे होते, हे कोडे मला इतकी वर्षे सुटले नव्हते.

निदान झाल्यावर मी मालकांना नाव घेऊन सांगितले. सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर द्याव्यात आणि सकाळचे दोन तास फोन दुसऱ्याने घ्यावा, एवढेच मागितले. दोन्ही गोष्टी मिळाल्या. मात्र महिनाभरातच बँकेचे काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. कारण विचारल्यावर ‘तुम्हालाच त्रास नको म्हणून’ असे उत्तर मिळाले. तरीही सांगितले ते योग्यच केले असे माझे मत आहे. आपले काय म्हणणे आहे?

पंचगंगेकाठचा

आपण चूक केलीत, असे मी स्पष्टच म्हणेन. मी बारा वर्षे नैराश्यावर औषधे घेतो आहे आणि माझ्या कचेरीत हे कोणालाही ठाऊक नाही. मिरजकर तिकटीवरून बिंदू चौकापर्यंत चालत गेले तरी तिघे जण ‘काय, इकडे कुठे?’ म्हणून थांबवतात अशा या कोल्हापुरात मी दवाखान्याची पायरी चढत नाही. पन्नास किलोमीटरवरच्या मिरजेला जातो, आणि घरी परतताना हातात एखादी खरेदीची पिशवी असेल याची काळजी घेतो. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, तर म्हणो.

कायद्याचेही पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो आपण स्वतःहून सोडून दिलात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या ७ प्रकारांची यादी २१ पर्यंत वाढवली, तीत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे, पण एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणजे ज्या नावावर हक्काने काही मागता येईल याची खात्री नाही, ते नाव आपण मालकांच्या हाती दिलेत आणि त्यांनी ते बँकेच्या कामासाठी वापरले.

कागलच्या बाई

मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. साठ मुलांच्या वर्गात दहा तरी चुळबुळी असायचीच. त्यांतली बहुतेक आज संसार आणि धंदा नीट सांभाळत आहेत. हल्ली मोबाइलवर चार लक्षणे वाचून माणसे स्वतःला नाव लावून घेतात आणि मग प्रत्येक आळसाला त्या नावाची सावली मिळते. चिठ्ठी लिहून ठेवणे, ठरल्या वेळी बसणे, याला आमच्या वेळी शिस्त म्हणत असत.

उद्यमनगरवाला

बाई, मोबाइलवरच्या यादीचा आपला राग मलाही मान्य आहे, परंतु निदान तसे होत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या निकषसंहितेनुसार अवधानाशी संबंधित ९ लक्षणांपैकी प्रौढांत किमान ५ असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात आणि ती घर, शाळा, नोकरी यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. त्यासाठी आईच्या ट्रंकेतून माझे चौथीचे प्रगतिपुस्तक शोधून काढावे लागले. त्यावर आपल्यासारख्याच एका बाईंनी लिहिले आहे: ‘हुशार आहे, पण वर्गात नसतो.’ शिस्तीचे म्हणाल तर माझ्याकडे चौदा डायऱ्या आहेत आणि त्यांतली एकही १० जानेवारीच्या पुढे गेलेली नाही. वडिलांनी मला तालमीतही घातले होते. तिथे मी लांग विसरून यायचो.

मंगळवार पेठेतील आई

आपण सर्व जण सांगावे की सांगू नये यावर बोलत आहात. आम्हाला ती निवड कधी मिळालीच नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला स्वमग्नता आहे, आणि तो रस्त्यात कानांवर हात ठेवून खाली बसला की सगळ्यांना आपोआप कळते. (हा शब्दही मला फारसा पटत नाही. स्वमग्न म्हटले की स्वतःतच रमलेला, इतरांची पर्वा नसलेला, असा अर्थ निघतो. माझा मुलगा इतरांना शोधत असतो, त्याला वाट सापडत नाही एवढेच.)

पहिली दोन वर्षे मी मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्याच्या आजाराचे नाव सांगत होते. ते मान हलवायचे, ‘वहिनी, काळजी करू नका’ म्हणायचे आणि डॉल्बी आमच्या खिडकीसमोरच लागायचा. तिसऱ्या वर्षी मी नाव घेतलेच नाही. ‘तुम्हाला तापलेल्या तव्याचा चटका बसतो तसा त्याला आवाज बसतो’ इतकेच सांगितले. त्यावर त्यांच्यातल्या एकाने स्पीकरची भिंत गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला नेली, आणि मिरवणूक केव्हा निघणार ते आदल्या रात्री येऊन सांगितले. आम्ही त्याला दुपारीच मामाकडे घेऊन गेलो. महाद्वार रोडवरचा आवाज कमी झाला असे नाही, पण आमची ती रात्र सुखात गेली.

पंचगंगेकाठचा

ताई, आपला अनुभव वाचून गल्लीतल्या मुलांविषयी माझे मत थोडे बदलले. पण अकरा वर्षांच्या मुलासाठी लोक जागा करून देतात, ती कमावत्या पुरुषासाठी करत नाहीत. मुलाची दया येते. हिशेबनिसाच्या बाबतीत मात्र चेकवर याची सही चुकली तर काय, एवढाच विचार होतो. माझे आजारपण कळले असते तर गेल्या वर्षीची बढती मला मिळाली नसती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

कागलच्या बाई

प्रगतिपुस्तकाचा शेरा वाचून मी जराशी थांबले. तसे शेरे मीही पुष्कळ लिहिले आहेत. तथापि नाव पाठीशी उभे राहिले की माणूस प्रयत्न सोडतो, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

उद्यमनगरवाला

बाई, नाव मिळेपर्यंत प्रयत्न म्हणजे मी स्वतःला दिलेल्या शिव्याच होत्या, आणि त्यांनी विवरणपत्र एक दिवसही आधी भरले गेले नाही. गेले सात महिने चिठ्ठ्यांमुळे ते १५ तारखेच्या आत जात आहे. पंचगंगेकाठच्यांचे बँकेबद्दलचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. या महिन्याचे विवरणपत्र भरून झाले की ते काम परत मागणार आहे, आणि ताईंचे पाहून या वेळी एडीएचडी हा शब्द काढणार नाही. सात महिन्यांच्या तारखा कागदावर लिहून नेईन.

पंचगंगेकाठचा

काम परत मिळाले तर जरूर कळवा. नाही मिळाले तरीही कळवा.