सर्वोच्च न्यायालयाच्या ‘रजिस्ट्री’ला मराठीत काय म्हणावे?

मसुदाकार:
सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘रजिस्ट्री’ या शब्दापाशी अडलो आहे. दाखल झालेल्या याचिकेतील त्रुटी काढणे, त्या दूर झाल्यावर तिला क्रमांक देणे आणि ती बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लावणे, ही कामे जी यंत्रणा करते तिला सुटसुटीत मराठी नाव हवे आहे. मी ‘निबंधक कार्यालय’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘नोंदणी कार्यालय’ केले. आता वाचकाला वाटेल की याचिकाकर्ता खरेदीखत करायला निघाला आहे.

अर्धविराम:
तोच दोष आपल्याही शब्दात आहे. खरेदीखत नोंदवतात ते दुय्यम निबंधकाकडे आणि गृहनिर्माण संस्थेची तक्रार जाते ती उपनिबंधकाकडे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मराठी जाहिरातींत ‘प्रबंधक’ हे पदनाम रूढ आहे, तेव्हा ‘प्रबंधक कार्यालय’ लिहावे. (विद्यापीठात जाताच हाच रजिस्ट्रार कुलसचिव होतो, ते आणखी वेगळे.)

जुनीवही:
हिंदीत प्रबंधक म्हणजे बँकेचा व्यवस्थापक आणि मराठीत प्रबंध लिहितात तो पीएच.डी.साठी, न्यायालयाशी दोन्हींचा संबंध नाही. निबंधाला मात्र जुना आधार आहे. राजाने भूमी किंवा ‘निबंध’, म्हणजे कायमचे ठरावीक उत्पन्न, दिल्यास त्याचा लेख करून ठेवावा, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. माझ्या मते निबंधकाचे मूळ तिथेच शोधावे.

नाझरकन्या:
माझे वडील जिल्हा न्यायालयात नाझर होते. पक्षकारांनी भरलेल्या रकमांचा हिशेब ठेवायचा, बेलिफांना समन्स वाटून द्यायची आणि ती बजावून आली की नाहीत ते पाहायचे, हे त्यांचे काम. त्यांना ‘लेखापाल’ म्हटलेले मी कधी ऐकले नाही. नाझर हा अरबीतून आलेला, ‘नजर’च्या कुळातला शब्द. शिरस्तेदार फारसी ‘सररिश्ता’वरून आला आणि त्यातूनच आपल्याला ‘शिरस्ता’ मिळाला. हे सारे पचले असताना ‘रजिस्ट्री’च तेवढी का खुपावी? वकील मंडळी ‘रजिस्ट्रीने ऑब्जेक्शन काढले’ असेच म्हणतात.

जुनीवही:
वकील काय म्हणतात यावर मराठी चालवायची, तर कोश कशाला हवेत?

अर्धविराम:
आणि स्मृती पाहून पदनामे ठरवायची, तर पक्षकाराने कोणत्या खिडकीशी उभे राहायचे?

मसुदाकार:
‘रजिस्ट्री’ ठेवण्यास माझी हरकत नव्हती, परंतु ‘घराची रजिस्ट्री झाली’ असे सर्रास म्हणतात. दुसरी अडचण पुढच्याच परिच्छेदात आहे. अनुच्छेद १४६ प्रमाणे तेथील कर्मचाऱ्यांच्या नेमणुका सरन्यायाधीश किंवा त्यांनी सांगितलेले न्यायाधीश वा अधिकारी करतात आणि प्रशासकीय खर्च भारताच्या एकत्रित निधीवर टाकलेला असतो. या ‘टाकलेल्या’ खर्चाला ‘प्रभारित’ म्हणावे काय?

अर्धविराम:
‘भारित’ म्हणावे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘भारित’ आणि ‘दत्तमत’ ही जोडीच आहे. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायालयाचे प्रशासन दरवर्षी बहुमताच्या मर्जीवर राहू नये, हा त्यातला हेतू.

जुनीवही:
‘भारित’ ऐकून मला विजेची तार आठवते. शिवाय ‘दत्तमत’चा विग्रह कसा करायचा? मत द्यायचे ते खर्चाला, मग तो शब्द ‘मतदत्त’ का नाही?

नाझरकन्या:
ज्याला मत दिले गेले आहे तो, असा साधा बहुव्रीही आहे. ‘मतदत्त’ कोणी म्हटले, तर मी त्याला उमेदवार समजेन.

जुनीवही:
बहुव्रीही मान्य, तरी ‘मतप्राप्त’ अधिक सरळ झाला असता.