खेळावरचे विनोदी सिनेमे: जुन्यांत असं काय होतं जे नव्यांत सापडत नाही?

तिरपा_चेंडू

आइस हॉकीवरचा 'स्लॅप शॉट' (१९७७) आणि मोटार शर्यतींवरचा 'टॅलाडेगा नाइट्स' (२००६) लागोपाठ पाहिले. हसू दुसऱ्यात जास्त आलं, खोटं कशाला बोलू. पण आता आठवायला बसलो तर विल फेरेलचे दोन-चार संवाद सोडून हाती फारसं लागत नाही. 'स्लॅप शॉट'मधला तो कळकट बसप्रवास, पॉल न्यूमनचा तो चामड्याचा सूट मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

हे माझं वय बोलतंय की खरंच काही बदललंय? 'कॅडीशॅक' आणि 'मेजर लीग' पाहून झालेत. २०१०नंतरचं काही सुचवा, पण का ते सांगा. नुसती यादी नको.

भोपळा_नाबाद

वयच बोलतंय! जुन्यातलं जे गाळ होतं ते विस्मरणात गेलं, चांगलं तेवढं टिकलं, मग आपण म्हणतो तेव्हा सगळंच भारी होतं. नव्यातला गाळ अजून खाली बसायचाय, एवढाच फरक.

आणि 'टॅलाडेगा'ला इतकं हलक्यात घेऊ नका. 'पहिला नाहीस तर शेवटचा आहेस' हे बापाचं वाक्य पोरगा जन्मभर उराशी धरून गाड्या पळवतो. पुढे बाप भेटतो आणि म्हणतो, अरे मी तेव्हा नशेत होतो, दुसरा-तिसरा नंबर पण येऊ शकतो की. जिंकण्याच्या वेडाची याहून चांगली टर कुठल्या जुन्या सिनेमाने उडवली आहे, सांगा.

बारावा_गडी

वय नाही बोलत. पण भोपळाराव, तुमचा बापाचा मुद्दा मान्य. तो प्रसंग लिहिणाऱ्याला सलाम.

माझी कसोटी जरा वेगळी आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी होतो, म्हणजे नावाला. टॉवेल सांभाळायचे, कुणाचं बोट मुरगळलं की बर्फ द्यायचा, आणि टाइमआउट झाला की आपल्याला काही विचारणार नाहीत हे माहीत असूनही घोळक्यात डोकं घालून उभं राहायचं. तेव्हापासून खेळाचा सिनेमा लागला की नजर आपोआप बाकाकडे जाते. मागे बसलेले राखीव खेळाडू काय करतायत? दिग्दर्शकाला खेळ आतून माहीत असेल तर तिथे काहीतरी चाललेलं असतं. कुणी बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधतोय, कुणी प्रेक्षकांत ओळखीचं माणूस शोधतोय. माहीत नसेल तर मागची मंडळी फक्त हात वर करून उड्या मारतात.

'स्लॅप शॉट' लिहिला नॅन्सी डाउडने. तिचा भाऊ नेड पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या संघाकडून आइस हॉकी खेळायचा, सिनेमातही तो आहे. हॅन्सन बंधू झालेले तिघेही खरे खेळाडू. ते तिघं संघात येतात तेव्हा सामानातून खेळण्यातल्या गाड्या निघतात, आणि मैदानात उतरायच्या आधी शांतपणे मुठींना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळत बसतात. पुढे एका सामन्याआधी सरावातच मारामारी होते. मग राष्ट्रगीत सुरू असताना पंच त्यांच्यातल्या एकाला दम देतो, तर हा रक्ताळलेल्या तोंडाने उलट त्यालाच झापतो, गाणं ऐकतोय ना मी! (शिवी गाळली आहे.)

पण माझ्या लेखी त्या सिनेमाचा जीव आहे संघाच्या मालकिणीच्या घरात. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडतोय, संघ मोडकळीला आलाय, न्यूमन शोधत शोधत तिच्यापर्यंत पोचतो. ती अगदी सौजन्याने सांगते, संघ विकता येईल हो, पण बंद केला तर करात जास्त फायदा आहे. संपलं. त्या प्रसंगात कुणी हसवायला धडपडत नाही. बाकीची सगळी हाणामारी ज्या पोटातून येते ते पोट तिथे दिसतं.

पोरांच्या बेसबॉलवरचा 'द बॅड न्यूज बेअर्स' (१९७६) तर बाकाचाच सिनेमा. वॉल्टर मॅथाऊचा दारुडा कोच शेवटच्या सामन्यात पोरांवर वाट्टेल तसा ओरडतो, आणि मग त्यांचे चेहरे बघून गप्प होतो. पुढे सामना ऐन रंगात असताना राखीव पोरांना मैदानात पाठवतो. त्यात ल्युपस नावाचं एक पोरगं आहे, ज्याच्याकडे चेंडू जाऊ नये म्हणून अख्खा संघ देव पाण्यात घालून बसलेला. ते नेमका झेल घेतं! इतकं होऊनही संघ ७-६ असा हरतोच. दिग्दर्शक मायकेल रिचीने तिथे दया दाखवली नाही, म्हणून तो झेल खरा वाटतो.

'बुल डरहॅम' (१९८८) मधली पिचरभोवतीची, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याभोवतीची, सभा आठवा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं केवढे डावपेच चाललेत. आत विषय काय, तर एकाच्या ग्लोव्हला लागलेली पनवती उतरवायला जिवंत कोंबडा हवाय, आणि संघातल्या लग्नाला आहेर काय द्यायचा हे कुणालाच सुचत नाहीये. कोचचा माणूस तावातावाने येतो, ऐकून घेतो आणि मेणबत्त्यांचे स्टँड सुचवून परत जातो. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः खालच्या लीगमध्ये बेसबॉल खेळलेला. आमच्या टाइमआउटमधली निम्मी बोलणी याच दर्जाची असत.

आता २०००नंतरचे घ्या: 'डॉजबॉल', 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी', 'सेमी-प्रो'. इथे आधी नट ठरतो, मग त्याला कुठल्या खेळाचे कपडे चढवायचे ते. नायक म्हणजे एक वाढलेलं लहान मूल, आणि बाकीचा संघ त्याच्याकडे बघून अवाक व्हायला. मला हे सिनेमे आवडतात, चारचौघांत बसून बघायला तर फारच. फक्त त्यातला खेळ काढून दुसरा घातला तरी फारसं बिघडत नाही. 'स्लॅप शॉट'मधून बर्फ काढून बघा.

'डॉजबॉल'ची गंमत मात्र वेगळी. आधी केलेल्या शेवटात आपले बिचारे हरतात आणि सिनेमा संपतो. प्रदर्शनाआधी ज्या प्रेक्षकांना सिनेमा दाखवून पाहिला त्यांना ते रुचलं नाही, मग जिंकवलं. पण दिग्दर्शकाने सूड उगवला: शेवटी पैशांची जी पेटी येते तिच्यावर 'डेउस एक्स माकिना' अशी पाटीच लावलीय. म्हणजे बाबांनो, जुन्या नाटकांत अडचण सोडवायला आणायचे तसा देव यंत्रातून उतरवलाय, घ्या!

२०१०नंतरचं विचारलंत तर डोळे झाकून 'गून' (२०११), पुन्हा आइस हॉकीच. डग मार खायला आणि द्यायलाच संघात आहे, स्केटिंगही धड येत नाही, आणि त्याला हे सगळं ठाऊक आहे. त्याच्यासमोर लीव्ह श्रायबरचा रॉस ऱ्हिया, त्याच धंद्यातला, निवृत्तीला टेकलेला. दोघे एका हॉटेलात समोरासमोर बसतात तो प्रसंग बघा. म्हातारा आदराने सांगतो की मैदानात भेटलास तर तुला आडवा करीन. आवाज चढत नाही. 'स्लॅप शॉट'चा खरा वारस हाच.

'हॅपी गिलमोर २' (२०२५) मध्ये रोरी मॅकिलरॉय, स्कॉटी शेफलर वगैरे खरे गोल्फर येऊन जातात. हौस असेल तर बघा. टीव्हीवरचा निवेदक बॉब बार्कर याच्याबरोबरच्या मारामारीसाठी १९९६चा पहिला मात्र केव्हाही.

शिट्टी_वाजली

बाकाची कसोटी आवडली. पण मग ७०च्या दशकावर का थांबलात? हॅरोल्ड लॉइडचा 'द फ्रेशमन' (१९२५) बघा. बिचाऱ्याला वाटतं आपण कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन पळायचा तो) संघात आहोत. प्रत्यक्षात त्याला पाणी द्यायला ठेवलेला असतो, हे तो सोडून बाकी सगळ्यांना माहीत. राखीव खेळाडू जखमी होऊन संपतात तेव्हा कुठे त्याचा नंबर लागतो. नायक मूलच, खेळाची समज यथातथाच, आणि शेवटी जिंकतोही! म्हणजे तुम्ही नव्यांच्या माथी मारताय तो साचा शंभर वर्षं जुना आहे.

रच्याकने, 'शाओलिन सॉकर' (२००१) कुठल्या खणात टाकणार? त्यात चेंडूला आग लागते, गोलपोस्ट उडतं. खेळ आतून माहीत असण्याशी काही संबंध नाही, तरी स्टीफन चाऊने धमाल केलीय.

बारावा_गडी

लॉइडचा मुद्दा बिनतोड. साचा जुनाच आहे, माझी तक्रार साच्याबद्दल नाही. लॉइड शिट्टी ऐकून हातातला चेंडू टाकून देतो आणि ती शिट्टी सामन्याची नसतेच, हा विनोद फुटबॉलखेरीज होऊ शकत नाही. तेवढंच मागतोय.

'शाओलिन सॉकर'ला मी हात लावत नाही. तिथला बाकही बहुधा उडत असेल.

तिरपा_चेंडू

मंडळी, धन्यवाद. 'गून' आजच लावतो. घरात दहा वर्षांची भाची आलीये, तिच्याबरोबर 'बॅड न्यूज बेअर्स' चालेल का? पोस्टरवर तर पोरंच दिसतायत.

भोपळा_नाबाद

पोस्टरवर जाऊ नका! त्यातली पोरं मोठ्यांना लाजवतील अशा शिव्या देतात, काही तर जातिवंत वंशद्वेषी, आणि शेवटी कोच त्यांना बिअर वाटतो. भाचीसाठी 'कूल रनिंग्ज' (१९९३) लावा. जमैकाचा बॉबस्ले (बर्फाच्या उतारावरून स्लेड पळवायची शर्यत) संघ, १९८८चं कॅल्गरी ऑलिंपिक. सिनेमात ते स्लेड खांद्यावर घेऊन रेषा ओलांडतात, प्रत्यक्षात उलटल्यावर तिच्या बाजूने चालत गेले होते. भाची झोपली की मग बेअर्स.