लेहच्या थंडीत डेफ गोठलं तर?

प्रश्न: बीएस-६ ट्रक जानेवारीत लेहला न्यायचा आहे. टाकीतलं डेफ (डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करायला वापरतात ते युरियाचं पाणी, त्याची टाकी वेगळी असते) गोठलं तर गाडी सुरू होईल का? जादा कॅन कुठे ठेवावा?

उत्तर १: होईल, भाऊ. डेफ उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याने खराब होत नाही. ३२.५ टक्के युरिया आणि बाकीचं पाणी एकत्रच गोठतं, वितळल्यावर प्रमाण तेच राहतं. इंजिन तापलं की गरम कूलंट टाकीतल्या नळीतून फिरून ते वितळवतं. टाकी मात्र काठोकाठ भरू नका. गोठताना डेफ साधारण ७ टक्के फुगतं, टाकीला तडा जाऊ शकतो. आणि गाडी बंद केल्याबरोबर बॅटरीचा मेन स्विच काढू नका. पंप नळ्यांतलं डेफ मागे ओढत असतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्याच.

उत्तर २: कॅन केबिनमध्ये, झाकण घट्ट. गोठलाच तर उबदार जागी आपोआप वितळू द्या. शेगडीवर ठेवू नका. गरम पाणी, अँटीफ्रीझ काहीही मिसळू नका, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते. नरसाळं प्लास्टिकचंच, पितळेचं नको. झाकणाभोवतीचे पांढरे खडे म्हणजे सुकलेला युरिया, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा.