जुने स्मृतिचमचे जमवायचे आहेत. घेताना काय पाहावे?

जिज्ञासा_इंदूर
नमस्कार. आत्याने मला आपल्या संग्रहातला चांदीचा एक छोटा चमचा दिला आहे. दांड्याच्या टोकाशी मिनाकामात बर्लिनचे अस्वल आहे आणि मागे चंद्रकोर, मुकुट व 800 असा शिक्का आहे. शहरांची चिन्हे असलेले असेच जुने चमचे जमवावेत, अशी मनापासून इच्छा आहे. एका चमच्यासाठी जास्तीत जास्त 3000 रुपये खर्च करू शकते. सराफ्यात मोडीच्या चांदीत असे चमचे येतात, असे ऐकले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

रामबागकर
ताई, हा 1888 पासूनचा जर्मन शिक्का आहे. 800 म्हणजे हजारात 800 भाग चांदी. परंतु संग्रह करायचा तर ब्रिटिश स्टर्लिंगचाच करावा, कारण त्यात 925 भाग चांदी असते आणि सिंह, शहराची खूण व वर्षाचे अक्षर यांवरून चमचा कोठे व कोणत्या साली तपासला गेला, हे नेमके कळते. जहाजाचा नांगर दिसला तर बर्मिंगहॅम समजावे. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्याभिषेकाची जोडी मी 12,000 रुपयांना घेतली आणि आज तिला दुप्पट किंमत मिळते. थोडे थांबावे, पण हलके घेऊ नये.

नवी_पेठ
शिक्के पाहूनच घ्यावे, हे मीही सांगेन. एका विक्रेत्याने ई.पी.एन.एस. अशी अक्षरे असलेला चमचा अस्सल चांदीचा म्हणून मला विकला आणि नंतर ओळखही दाखवली नाही. ही अक्षरे विजेने चढवलेल्या मुलाम्याची असतात. आतल्या धातूत तांबे, निकेल व जस्त असते, चांदी मुळीच नसते. चमचा टेबलावर जिथे टेकतो, तिथे पाठीवरचा मुलामा आधी झिजतो, म्हणून तो भाग उजेडात धरून पाहावा. मुलाम्याची वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये.

छत्रीबागकर
रामबागकर, 800 ला कमी लेखू नका. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या गॉल्ट या पेढीने 1889 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनची मुद्रा असलेला चमचा काढला; पण ही आवड तिथे खरी पसरली ती तिथल्याच सेलम गावचे सराफ डॅनियल लो यांच्या चेटकिणीचे चित्र असलेल्या चमच्यामुळे, आणि लो यांना ही कल्पना जर्मनीच्या प्रवासात सुचली होती. पुढे 1893 च्या शिकागो प्रदर्शनात असे चमचे भरपूर विकले गेले. ताईंकडचा चमचा त्याच जर्मन परंपरेतला आहे आणि इतिहास असा हाती धरता येत असताना 125 भागांचा हिशेब कशाला करायचा?

रामबागकर
इतिहास मान्य आहे. विकताना मात्र तोच हिशेब होतो.

मालवा_काकू
विकण्याचे नंतर पाहू, आधी सांभाळायचे कसे ते सांगते. माझ्या जाऊबाईंनी चिंचेने घासून मिनाकामाचा निळा रंग पार उडवला. काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो, तो मऊ सुती कापडाने हलकेच पुसावा. चमचे रबराने बांधून ठेवू नयेत, कारण रबरातही गंधक असते आणि त्याचा काळा वळ उठतो.

तोफखाना_रोड
इंदुरात राहून जर्मन आणि ब्रिटिश कशाला? खोलगट भागात जुना रुपया बसवलेले आपल्याकडचे चमचे घ्यावेत. 1940 पूर्वीच्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी असे, 1940 ते 1945 च्या रुपयात निम्मीच. मात्र नाण्यावरचे साल हे चमच्याचे साल नव्हे. जुने नाणे नंतरही जोडता येते.

जिज्ञासा_इंदूर
सर्वांचे आभार. काल सराफ्यात व्हेनिसचा पंखधारी सिंह असलेला चमचा पाहिला. तो मुलाम्याचाच आहे, पाठीवर पिवळसर धातूही दिसतो, पण सिंहाच्या पंखांचे एकेक पीस सुटे कोरलेले आहे आणि लाल मिना शाबूत आहे. दुकानदाराने तो मुलाम्याचा म्हणूनच दाखवला आणि 700 रुपये सांगितले. मला शहरे जमवायची आहेत, चांदी नाही, म्हणून तो मी घेतला. पुढचा शोध प्रागच्या चमच्याचा आहे. कोणाच्या पाहण्यात आला तर अवश्य कळवावे.